विमानाची वाकळ

तेलाच्या बाबतीत अमृतरावांना चार शब्द सुनावावेत असा माणूस लातूरच्या बाजारात अजून जन्माला यायचा होता. करडीचं, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, घाण्यावरचं, पाकिटातलं, खरं आणि खरं म्हणून विकलं जाणारं, अशी सगळी तेलं त्यांच्या हातून गेली होती. थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळला की ते तेलाची जात, गाव आणि व्यापाऱ्याची नियत सांगत. खोबरेल कोणत्या दिवशी गोठणार हे त्यांना वेधशाळेच्या आधी कळायचं, आणि ते गिऱ्हाइकांना तसं बजावायचेही. त्यामुळे त्यांच्या लेकीनं, अक्षरानं, जेवताना सहज सांगितलं की हल्ली थंडीमुळे विमानातलं तेल तापायला वेळ लागतो आणि सकाळची पहिली फेरी रोज लांबते, तेव्हा अमृतरावांच्या हातातला धपाट्याचा घास तिथंच थांबला. घरात तेलाचा व्यापारी बसलेला असताना लेकीचं विमान तेलापायी खोळंबावं, ही त्यांना सरळ अब्रूची गोष्ट वाटली.

अक्षरा लातूरच्या विमानतळावरच्या एका प्रशिक्षण संस्थेत पोरांना विमान शिकवायची. विमान म्हणजे चार माणसांचं, जीपपेक्षा थोडंसं मोठं आणि जीपपेक्षा बरंच म्हातारं. तिनं समजावून सांगितलं. थंडीत इंजिनाचं तेल दाट होतं, जिथं पोचायला पाहिजे तिथं लवकर पोचत नाही. समोर एक काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात आला की मगच विमान उडवायचं. तेल फार तापू नये म्हणून विमानाच्या नाकाखाली एक जाळी असते, तिच्यातून वारं जातं. थंडीच्या सकाळी त्या जाळीवर अर्धं झाकण बसवतात आणि ऊन चढलं की काढतात. कारण काटा हिरवा ओलांडून लाल पट्ट्यात गेला तर तेही वाईटच.

"म्हंजी भज्याच्या तेलावानी," पलंगावरून तिची आई, शिवम्मा, म्हणाल्या. "गार असलं तर भजं तेल पितं, लई तापलं तर करपतं."

अक्षरा म्हणाली, अव्वाला जे एका वाक्यात कळलं ते माझ्या पोरांना दोन महिने कळत नाही. अमृतरावांनी मात्र बायकोच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा सोडून दिला. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर नवरे बहुधा एवढंच ऐकतात.

एरवी हे प्रकरण त्या धपाट्याबरोबरच संपलं असतं. पण शिवम्मांना दिलेला एक शब्द अमृतरावांच्या गळ्यात अडकलेला होता. महिन्यापूर्वी ते दोघं नांदेडच्या दवाखान्यातून परत येत होते. पोटातलं दुखणं आता औषधाला दाद देणार नाही, हे डॉक्टरांनी अमृतरावांना एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं आणि वर, त्यांना जे आवडतं ते करू द्या, असंही म्हटलं होतं. गाडी नांदेडच्या बाहेर पडताना एक विमान डोक्यावरून खाली उतरलं. शिवम्मा काचेला नाक लावून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आवं, आपल्या अक्षीच्या इमानात मला एकदा बसायचंय. येळ अमावस्येला. शिरूरचं रान वरून बघायचंय."

शिवम्मांचं माहेर शिरूर अनंतपाळ. येळ अमावस्येला सगळा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याची खोप, आत दगडांचे पाच पांडव मांडलेले, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि खोपीभोवती आंबील शिंपडत फेऱ्या. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. सगळी माणसं एकाच दिवशी रानात असलेली वरून कशी दिसत असतील, हे बघायचं शिवम्मांच्या मनात होतं. पस्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणजे मागितलं होतं, पण ते पडदे वगैरे होतं. अमृतरावांनी गाडीतच हो म्हटलं. विमान आपल्या बापाचं नाही, हे त्यांच्या लक्षात चाकूर गेल्यावर आलं.

अक्षरानं संस्थेच्या कॅप्टनसाहेबांना विचारलं. ते परप्रांतातले, निवृत्तीच्या वयाचे, कडक. त्यांना येळ अमावस्या म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्या दिवशी जिल्ह्यात सुट्टी असते आणि एकही विद्यार्थी येत नाही हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. त्यांनी परवानगी दिली. फक्त ती परवानगी कागदावर यायला हवी होती, आणि कागद दीपमाला मॅडमच्या टेबलावर होते.

दीपमाला मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फक्त रिकामी चौकट सहन होत नसे. 'उड्डाणाचा उद्देश' या चौकटीत अमृतरावांनी सुवाच्य अक्षरात 'येळ अमावस्या' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, इथं प्रशिक्षण, परीक्षा किंवा विमानाची ने-आण एवढंच लिहिता येतं. अमृतरावांनी विचारलं की माणसाला नुसतं बघायचं असलं तर? मॅडमनी नियमांची फाइल उलटसुलट चाळली आणि बघणं हा उद्देश कुठंच नाही असा निर्वाळा दिला. शेवटी दोघांनी मिळून 'स्थानिक भागाची ओळख' असं लिहिलं. ज्या बाईचं बालपण त्या भागात गेलं, तिला त्याची ओळख करून द्यायला विमान निघालं.

मग डॉक्टरांचा दाखला. विमानप्रवासास योग्य, असं लिहून पाहिजे होतं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, या बाई जिना चढायला योग्य नाहीत, मी काय लिहू? अमृतराव नुसते समोर बसून राहिले. बाहेर रांग वाढायला लागली. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'रुग्ण बसू शकतात.' कॅप्टनसाहेबांनी ती चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले की विमानात बसायचंच असतं.

मग वजन. लहान विमानात कोण किती वजनाचं आहे हे आधी सांगावं लागतं. अमृतरावांनी शिवम्मांना दुकानात नेलं आणि तेलाचे डबे मोजायच्या काट्यावर उभं केलं. गंमत म्हणून नेलं होतं. दुकानातला नोकरही हसत होता. काटा थांबला आणि अमृतरावांचं हसू गेलं. पंधरा किलोचे दोन डबे आणि वर थोडं, एवढीच बाई उरली होती. शिवम्मा मान वाकवून आकडा बघायला लागल्या, तशी अमृतरावांनी काट्याच्या पाटीवर, त्यांच्या पावलाशेजारी, हळूच अंगठा दाबला. सगळं आयुष्य ज्यानं काट्याला बोट लावलं नाही, ज्याच्या दुकानात लहान पोर पाठवलं तरी माप पुरं मिळायचं, त्या माणसानं त्या दिवशी बायकोचं वजन वाढवून दाखवलं. शिवम्मा म्हणाल्या, "बरी हाय की मी." आणि खाली उतरल्या.

परवानगी झाली, दाखला झाला, वजन झालं. आता उरलं तेल. अक्षरा शंभरदा म्हणाली की अप्पा, तेलाचं आम्ही बघतो, उगा थोडं थांबावं लागतं एवढंच. पण अमृतरावांच्या डोक्यात बसलं होतं ते बसलं होतं. शिवम्मांना फार वेळ बसवत नव्हतं. काटा वर चढायची वाट बघत त्या थंडीत विमानात कळवळत बसणार, आणि शेवटी म्हणणार, राहू द्या, घरी चला. हे चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसायचं.

त्यांनी कॉलनीत सल्ला विचारला. कॉलनीत सल्ला विचारणं म्हणजे वळूला लाल कपडा दाखवणं. शेजारच्या सिद्धम्मा म्हणाल्या की तेलात ओवा टाका, ओव्यानं गरमी येते. समोरच्या श्रीशैल यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, म्हणजे इंजिनाच्या बाबतीत ते कॉलनीचे सर्जनच. ते म्हणाले, थंडीत ट्रकवाले तेलाच्या टाकीखाली शेगडी ठेवतात, विमान म्हणजे काय निराळं, पंख लावलेला ट्रक. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बचा फोटो टाकला, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात जोडले.

अमृतराव शेगडी घेऊन विमानतळाच्या फाटकावर गेले. कोळसे घरूनच पेटवून नेले होते, वेळ वाचावा म्हणून. फाटकावरच्या शिपायानं ती शेगडी पाहिली आणि आधी कुणाला फोन लावावा हेच त्याला सुचेना. आतून संघपाल धावत आले. संघपाल संस्थेचे इंजिनियर, मूळचे किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचे, शांत माणूस. त्यांच्या सहीशिवाय तिथलं एकही विमान जागचं हलत नसे. ते म्हणाले, "अप्पा, आत पेट्रोल हाय. तुम्ही माझी नोकरी जाळून राहिलेत, विमान नंतर जळंल." शेगडीवर पाण्याची बादली पडली. अमृतरावांचा पांढरा सदरा काळ्या ठिपक्यांनी भरला. घरी परतताना श्रीशैल यांनी दारातूनच विचारलं, तापलं का? अमृतराव म्हणाले, तेल सोडून समदे तापले.

वाकळ ही शिवम्मांची कल्पना. थंडीत म्हशीच्या पाठीवर पोतं टाकतात, लेकराच्या अंगावर वाकळ टाकतात, तर इंजिनावर का नको? इंजिन आदल्या दिवशीचं गरम असतं, ती गरमी झाकून ठेवली की झालं. अमृतराव म्हणाले, छे, असं काही नसतं. त्यांनी संघपालना विचारलं तर असं असतं, परदेशात इंजिनाची रजई विकतही मिळते. अमृतरावांना बायकोचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

मग माप घ्यायला अमृतराव शिंप्याची फीत घेऊन गेले, आणि विमानाच्या नाकाचं माप घेताना फाटकावरच्या त्याच शिपायानं त्यांना पुन्हा पकडलं. ते असो. शिवम्मांनी पेटीतून जुनी लुगडी काढली, इरकली, नारायणपेठी, अक्षराच्या बारशाचं एक हिरवं. पलंगावर बसून, उशीला टेकून, त्या टाके घालायच्या. दुखायला लागलं की सुई तशीच कापडात ठेवून डोळे मिटायच्या. सिद्धम्मा समोर बसून दोरा ओवून द्यायच्या आणि ओव्याची बाजू लावून धरायच्या. अमृतराव पेपर वाचायचं सोंग करत बायकोचे हात बघायचे. त्या दिवसांत घरात लई हसणं होतं, आणि त्यांना ते ऐकवायचं नाही.

वाकळ तयार झाली. एक कोपरा मात्र मोकळा राहिला, तिथं लावायचा लाल इरकलीचा तुकडा शिवम्मांनी कापून ठेवला, पण त्या दिवशी हातात सुई धरवेना. तो तुकडा अमृतरावांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. संघपालनी वाकळ उलटीपालटी करून पाहिली. इंजिन बंद असतानाच घालायची, चालू करण्याआधी काढायची, असं त्यांनी बजावलं, आणि विसरू नये म्हणून तिला एक लांब लाल नाडी बांधली. त्या आठवड्यात पहिली फेरी रोज जवळजवळ वेळेवर गेली. अमृतरावांनी ही बातमी कॉलनीच्या ग्रुपवर स्वतःच टाकली.

येळ अमावस्या उजाडली ती धुईत. इतकी दाट धुई की विमानतळाच्या फाटकावरून विमानतळ दिसेना. सगळी माणसं रानात गेलेली, विमानतळावर फक्त संघपाल थांबले होते. ते म्हणाले, अव्वाला बसवून दिल्याशिवाय मी कुठं जात न्हाई. शिवम्मा घडीच्या खुर्चीवर, शाल, कानटोपी आणि वर अमृतरावांचा स्वेटर घालून बसल्या होत्या. धुई हटेपर्यंत करायचं काय, म्हणून त्यांनी डबे उघडायला लावले. भज्जी, उंडे, आंबिलाचं छोटं मडकं. विमानाच्या शेडमध्ये बसून सगळे जेवले. मग शिवम्मा म्हणाल्या की खोप न्हाई तर न्हाई, इमानाभोवती फेऱ्या मारा. अमृतरावांनी मडकं घेतलं आणि लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत विमानाभोवती फेऱ्या मारल्या. संघपाल मागून फडकं घेऊन चालले होते, विमानावर पडलेला थेंब न थेंब पुसत.

दुपार व्हायला आली तशी धुई फाटली आणि लख्ख ऊन पडलं. संघपालनी वाकळ काढली, लाल नाडीसकट घडी करून ठेवली. मग नाकाखालच्या जाळीवरचं अर्धं झाकण काढलं. ऊन चढलं होतं, आता ते नको होतं. अक्षरानं विमानाभोवती फेरी मारून प्रत्येक गोष्ट हात लावून तपासली आणि ती आईला आत बसवायला गेली. पट्टा बांधायला वेळ लागत होता, कारण शिवम्मांच्या कमरेभोवती तो शेवटपर्यंत ओढला तरी सैलच राहत होता.

अमृतराव विमानाच्या नाकासमोर एकटेच उभे होते. त्यांना ती उघडी जाळी दिसली. सगळीच्या सगळी उघडी. वर किती गार वारं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना राहवेना. आठवडाभर झाकून, जपून ठेवलेलं तेल वर जाऊन गार झालं तर अक्षरा अर्ध्या वाटेतून परत फिरेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातला इरकलीचा तुकडा काढला, उलगडला, आणि जाळीवर नीट पसरून कडा आत खोचल्या. पोराला कानटोपी घालावी तसं. मग ते मागे झाले आणि त्यांना फार बरं वाटलं.

इंजिन चालू झालं. काचेतून शिवम्मांनी हात हलवला. विमान हळूहळू धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि तिथं जाग्यावरच थांबून घरघरत राहिलं. अक्षरा नेहमीप्रमाणे उडण्याआधी इंजिन जोरात फिरवून बघत होती. अमृतराव संघपालना म्हणाले, आता बघा, काटा कसा हिरव्यात जातो. काटा हिरव्यात गेला. हिरव्यात थांबला नाही. लांबून त्यांना एवढंच दिसलं की विमान उडायच्या ऐवजी वळलं आणि जसं गेलं तसं परत येऊ लागलं.

इंजिन बंद झाल्यावर संघपालनी विमानाच्या नाकाखाली हात घातला आणि लाल कापड बाहेर ओढलं. कापड तापलं होतं, त्याला तेलाचा वास होता. त्यांच्या हातात ते कापड तसंच लोंबत राहिलं. अक्षरा खाली उतरली होती. तिनं वडिलांकडे पाहिलं.

"अप्पा, का?"

"वर गार वारं लागंल म्हणून."

"कुणाला, तेलाला?"

अमृतरावांना ते खरंच माहीत नव्हतं.

संघपाल शेवटी म्हणाले की आता हे इंजिन उघडून बघितल्याशिवाय मी सोडू शकत न्हाई, कॅप्टनसाहेबांना कळवावं लागंल, आणि आज काही होणार न्हाई. त्यांचा आवाज पार उतरला होता. दुसरं विमान दुरुस्तीत होतं. बाकी पायलट, मेकॅनिक, सगळे रानात. अमृतराव शेडच्या भिंतीला टेकून खाली बसले. ज्या गोष्टीसाठी त्यांनी महिनाभर जिवाचं रान केलं होतं, ती त्यांनीच, स्वतःच्या हातानं, कडा नीट खोचून बंद केली होती. त्यांना वाटलं आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, आणि ती अजून वर विमानात बसलीय याची आठवण होऊन तेही वाटून घेता येईना.

शिवम्मा विमानातून उतरल्या नव्हत्या. जरा बसू द्या मला, म्हणाल्या. अमृतराव उठून त्यांच्या दारापाशी गेले. तेवढ्यात शिवम्मांच्या मांडीवरचा फोन वाजला. शिरूरहून त्यांचा धाकटा भाऊ वीरेश. मागे रानातला गलका ऐकू येत होता.

"ताई, बघितलं बरं का आम्ही तुजं इमान. समद्यांनी हात हलवले. लई वर होतं."

हैदराबादकडे जाणारं कुठलं तरी मोठं विमान असणार. अमृतरावांनी खरं सांगायला फोनकडे हात केला. शिवम्मांनी तो हात आपल्या हातात धरला आणि घट्ट दाबून ठेवला.

"हाव रे," त्या म्हणाल्या. "म्या बी बघितलं तुमाला."

आणि मग, धावपट्टीवरून एक वीतभरही न उठलेल्या त्या विमानात बसून, त्यांनी भावाला सगळं सांगितलं. घरणी नदीचं पाणी चकाकत होतं. ज्वारी कुठं हिरवी, कुठं पिवळी. करडई अजून फुलावर यायची. रानोरान खोपी, पोरींनी खेळात मांडल्यासारख्या. माणसं एवढी एवढी, पण लुगड्यांचे रंग कळत होते. चिंचेखाली कुणी पांढरी चादर अंथरली होती? वीरेश म्हणाला, ताई, म्याच गं. दरवर्षी चिंचेखाली तीच चादर असायची. शिवम्मांनी माहेरचा पांढरा बैलही सांगितला, आणि तो बसला होता असंही सांगितलं. अक्षरा पंखाखाली तोंड फिरवून उभी होती. संघपाल वाकळीची आधीच घातलेली घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

घरी परतताना गाडीत शिवम्मा हसल्या.

"तुमी एवढी वर्सं धंदा केला, कदी भेसळ केली न्हाई. मी एका फोनात केली."

"माझ्यामुळं करावी लागली तुला," अमृतराव म्हणाले.

"तुमी बी केलीय की. काट्यावर अंगठा ठेवला तवा मला कळला व्हता. म्हटलं, असू दे, यांना बरं वाटतंय."

अमृतरावांनी गाडी बाजूला घेतली आणि ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. शिवम्मा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. शेजारून रानातून परतणारी बैलगाडी गेली, तिच्यातल्या बायकांनी वाकून पाहिलं, आणि अमृतरावांना त्याची लाजही वाटली नाही.

संक्रांतीच्या आधी शिवम्मांनी एकच काम केलं. विमानतळावरची वाकळ घरी आणवली, संघपालनी परत दिलेला तो तेलकट इरकलीचा तुकडा अमृतरावांकडून मागून घेतला आणि वाकळीच्या मोकळ्या कोपऱ्यात लावला. धुऊन घेऊ का, असं सिद्धम्मांनी विचारलं. शिवम्मा नको म्हणाल्या. टाके वाकडे आले, त्या आयुष्यात कधी वाकडे टाके घालत नसत. त्यानंतर त्या पलंगावरून उठल्या नाहीत. अमृतराव सकाळ-संध्याकाळ करडीचं तेल कोमट करायचे, हाताच्या पालथ्या बाजूवर थेंब टाकून बघायचे आणि त्यांच्या तळव्यांना चोळायचे. तेल बरोबर तापलेलं असायचं. पाय तापायचे नाहीत. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

कॉलनीनं त्या वर्षी अमृतरावांना कशावरही सल्ला दिला नाही. श्रीशैल रोज येऊन नुसते बसून जायचे, आणि ट्रॅक्टरवाल्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं हे अमृतरावांना कळायचं. वाकळ पुन्हा विमानतळावर गेली. थंडी सरल्यावर संघपालनी ती घरी आणून दिली आणि पुन्हा थंडी पडायला लागली तशी न विचारता घेऊन गेले.

पुढच्या येळ अमावस्येला अक्षरानं परवानगीचा कागद भरला. उद्देशाच्या चौकटीपाशी तिचा हात थांबला, तेव्हा दीपमाला मॅडमनीच पेन घेतलं आणि तिथं 'येळ अमावस्या' लिहिलं. कॅप्टनसाहेबांनी सही केली. विमानातली रिकामी खुर्ची अप्पांसाठी होती.

"तू जा," अमृतराव म्हणाले. "वरून काय दिसतं ते मला तुज्या अव्वानं सांगितलंय. मी शिरूरला जातो."

शिरूरच्या रानात खोप घातलेली होती, चिंचेखाली पांढरी चादर होती. आंबिलाच्या फेऱ्या झाल्या, जेवणं झाली. वीरेश जमलेल्या पोरासोरांना सांगत होता की गेल्या वर्षी तुमची आत्या इथूनच गेली, बरोबर या चिंचेवरून, आणि तिला वरून ही चादर दिसली, बैलसुद्धा दिसला. मग तो अमृतरावांकडे वळला.

"तुमाला बी सांगितलं असंल की तिनं, दाजी?"

"हाव," अमृतराव म्हणाले. "समदं सांगितलं. बैल बसला व्हता म्हणाली."

"बसलाच व्हता," वीरेश म्हणाला.

दुपारी विमान आलं. पांढरं, लहान, चिंचेवरून, इतकं खालून की पंखाखालची अक्षरं वाचता यावीत. पोरं ओरडत धावली, बायकांनी पदर हलवले. अमृतराव कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होते, आणि आवाज चांगला होता, सारखा. विमानानं एक फेरी घेतली आणि ते लातूरच्या बाजूला गेलं. वीरेश म्हणाला की औंदा लई खालून आलं, गेल्या साली किती वर होतं.

"गेल्या साली ती होती ना आत," अमृतराव म्हणाले. "तिला लांबपर्यंत बघायचं व्हतं."

वाऱ्यानं चादरीचा कोपरा उलटला होता. अमृतराव खाली बसले आणि तो सरळ करून, उडू नये म्हणून, त्यावर हात ठेवून बसून राहिले.